लोकशाही समाजवाद की मुक्त बाजार: नेमकं भांडण कशावरून आहे?

कोरा_कागद
गेल्या आठवड्यात आरोग्य विम्याच्या धाग्यावर दोघांची जुंपली. एकाने दुसऱ्याला स्टालिनचा नातू केलं, दुसऱ्याने त्याला शेठजींचा मुनीम. गंमत म्हणजे दोघे शेवटी एकच मागत होते: उपचार सगळ्यांना मिळावेत, पैसा करातून यावा, दवाखाना खाजगी असला तरी चालेल. मग इतकं तोंडसुख कशासाठी घेतलं?

म्हणून विचारतेय. लोकशाही समाजवाद म्हणजे नक्की काय मागणं? कर जास्त आणि शिक्षण-आरोग्य फुकट, एवढंच असेल तर ते बऱ्याच देशांत आहे आणि तिथे भांडवलशाहीही मजेत नांदतेय. त्यापलीकडे काही असेल, तर निवडून आलेल्या कुणी ते केलंय का? केलं असेल तर पुढे काय झालं?

विनंती: सोव्हिएत रशिया आणू नका, तिथे खरी निवडणूक नव्हती. त्याच कारणासाठी चिलीचा बाजारवादी हुकूमशहा पिनोशेही नको. आणि आपल्याकडचं राजकारण तर नकोच नको, त्याला ढीगभर धागे आहेत.

शेवटचा_बाक
पैज लावतो, दहा प्रतिसादांच्या आत स्वीडन येणार.

उंबरठा
मीच आणतो, पण आधी शब्दांचा घोळ निस्तरू.

सोशल डेमोक्रसी आणि डेमोक्रॅटिक सोशॅलिझम ही एकाच घरातली दोन भावंडं, वाटण्या झालेली. दोघांनाही निवडणूक मान्य. थोरल्याचं (सोशल डेमोक्रसीचं) म्हणणं: कारखाना मालकाचाच राहू दे, आपण कर घेऊ, कामगार कायदे करू, आजारपण-म्हातारपणाची सोय करू. धाकटा, म्हणजे तुमचा लोकशाही समाजवाद, म्हणतो: हे ठीक आहे, पण कारखान्यात काय बनवायचं आणि नफा कुठे घालायचा हे जोवर मूठभर लोक ठरवतात, तोवर लोकशाही अर्धीच.

थोरल्याची वंशावळ सापडते. जर्मनीच्या एसपीडी या सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९५९ साली बाड गोडेसबर्गला नवा कार्यक्रम मंजूर केला आणि मार्क्सला रामराम ठोकला. शक्य तितकी स्पर्धा आणि गरजेपुरतं नियोजन, असं त्याचं सूत्र होतं. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या घटनेत १९१८ पासून चौथं कलम होतं, उत्पादनाच्या साधनांवर सामाईक मालकीचं. ते टोनी ब्लेअर यांच्या काळात, १९९५ साली बदललं. म्हणजे ७७ वर्षं ते कागदावर होतं.

तेव्हा कोरा_कागद, विम्याच्या धाग्यावरचे ते दोघे थोरल्याच्याच अंगणात उभे राहून भांडत होते. खरा वाद मालकीचा आहे.

शेवटचा_बाक
दुसराच प्रतिसाद आणि स्वीडनचा उल्लेख नाही. फसवलंत.

पाचवा_माणूस
मालकीचा वाद आहे हे मान्य. म्हणूनच मी बाजाराच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण लोभ वगैरे नाही.

मी दहा वर्षं पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात होतो. एका सकाळी तांब्याच्या तारेचा भाव चढलेला दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी. आठवड्याभरात आमच्या डिझाइनवाल्यांनी स्वस्तातल्या मॉडेलचं वाइंडिंग ॲल्युमिनियममध्ये करून बघायला घेतलं, भंगारवाल्याने आमच्याकडे जुन्या मोटरींची चौकशी सुरू केली आणि स्टोअरकीपर उरलेले तुकडे कुलपात ठेवायला लागला. पृथ्वीच्या पलीकडच्या कुठल्याशा खाणीत संप झाला होता, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. कळायची गरजच पडली नव्हती. 'तांबं जपून वापरा' असं परिपत्रक कुणी काढलं नव्हतं, तरी ज्याला जिथे जमेल तिथे त्याने ते वाचवलं.

हायेक या अर्थतज्ज्ञाने १९४५ साली हेच मांडलं. माहिती कुणा एकाकडे नसते, ती लाखो लोकांच्या हातात चिमूट चिमूट असते, आणि किंमत तिची सांगड घालते. त्याआधी १९२० मध्ये मिझेस या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने विचारलं होतं की यंत्रं आणि कच्चा माल यांची खरेदी-विक्रीच होत नसेल तर पूल लोखंडाचा बांधायचा की दगडाचा, यातलं स्वस्त काय हे कळणार कसं? या प्रश्नाला मत देऊन उत्तर मिळत नाही. तांब्याचा भाव बहुमताने ठरवून बघा.

रिकामी_खुर्ची
अगदी! आमच्या इमारतीची लिफ्ट बदलायची की दुरुस्त करायची यावर चार सभा झाल्या. लोकशाही मालकी म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. :)

जुनी_वही
पाचवा_माणूस, तांब्याचं उदाहरण फार आवडलं, पण ते अर्धंच सांगितलंत. तार तुमच्या गेटच्या आत आल्यावर काय झालं? स्टोअरकीपरने ती असेंब्लीवाल्यांना लिलावात विकली का? नाही. आत हुकूम चालत होता. कोण कुठल्या यंत्रावर बसेल, किती पंप निघतील, कुणाला काढायचं, हे सगळं वरून ठरत होतं. रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७ सालीच विचारलं होतं की बाजार इतका उत्तम आहे तर कंपन्या असतातच कशाला. म्हणजे नियोजन सगळीकडे आहे. ते करणाऱ्याला जाब कोण विचारणार, एवढाच मुद्दा उरतो.

आणि बाजार म्हणजे भांडवलशाही हे समीकरण घाईचं आहे. भाव बाजारात ठरोत, पण कारखाना तिथे काम करणाऱ्यांचा असो, असं म्हणणारे समाजवादी पहिल्यापासून आहेत.

पाचवा_माणूस
गेटच्या आत हुकूम चालतो कारण गेटच्या बाहेर स्पर्धा आहे. चुकीचे हुकूम देणारी कंपनी बुडते. सरकारी खातं चुकलं तर त्याचं बजेट वाढतं.

उंबरठा
कंपनी बुडते? १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ही बँक बुडू दिली आणि जगाला घाम फुटला. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवलं, आणि महिना संपल्यावर तीन दिवसांत अमेरिकी काँग्रेसने ७०० अब्ज डॉलरची तरतूद मंजूर केली. नफा माझा, तोटा तुमचा.

पाचवा_माणूस
ते चूकच होतं. माझ्यासारख्यांनी तेव्हाही विरोध केला होता. त्याला मुक्त बाजार म्हणू नका.

जुनी_वही
बरं. म्हणजे तुमच्याकडेही 'तो खरा भांडवलवाद नव्हेच' आहे तर. हे वाक्य आमच्यावर नेहमी फेकलं जातं म्हणून म्हटलं.

अर्धविराम
वाचतोय. एक विचारू का? सिंगापूर कुठे बसवायचं? बाजारस्वातंत्र्याच्या याद्यांत कायम वरच्या नंबरात, आणि तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी संस्थेने बांधलेल्या घरांत राहतात. बहुतेक जमीनही सरकारची.

उंबरठा
कुठेच बसवू नका. तिथे विरोधी पक्षाला किती वाव आहे हा वेगळाच प्रश्न, आणि धागा लोकशाहीचा आहे.

जुनी_वही
कोरा_कागदच्या मूळ प्रश्नाकडे येते. मालकीला खरोखर हात घालण्याचा, तोही मतपेटीतून, सगळ्यात गंभीर प्रयत्न स्वीडनमध्ये झाला (घ्या शेवटचा_बाक, आलं तुमचं स्वीडन). लोक उंच कर आणि बाळंतपणाच्या रजेवर थांबतात, पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. लांबण लागेल.

तिथल्या कामगार महासंघाचं, एलओचं, १९५० च्या दशकापासून एक धोरण होतं: एका कामाला एकच पगार, मग कंपनी फायद्यात असो वा डबघाईला आलेली. डबघाईतली कंपनी त्या पगाराने बुडाली तर बुडू दे, तिच्या कामगारांना सरकार नवं काम शिकवेल आणि तगड्या कंपनीत पाठवेल. गोस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर या महासंघाच्या दोन अर्थतज्ज्ञांची ही कल्पना. पाचवा_माणूस, बघा, दुबळ्या कंपन्या मोडायचं काम तिथे कामगार संघटना करत होती. तुम्हाला आवडायला हवं.

पण त्यात एक खोट निघाली. भरभराटीच्या कंपनीत कामगार जास्त पगार मागू शकले असते, पण एकजुटीसाठी त्यांनी हात आखडता घेतला. ते न मागितलेले पैसे गेले कुठे? मालकाच्या खिशात. म्हणजे कामगारांच्या समंजसपणावर काही मोजकी घराणी गब्बर होत होती. माइडनरने यावर तोडगा काढला: मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्के इतके नवे शेअर काढून ते कामगारांच्या सामाईक निधीत टाकायचे. पैसा कंपनीतच राहतो, गुंतवणूक थांबत नाही, जप्ती नाही, पोलीस नाहीत. फक्त दोन-तीन दशकांत मालकी हळूहळू सरकत जाते. १९७६ च्या अधिवेशनात एलओने हे मंजूर केलं.

त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट पक्ष निवडणूक हरला. चव्वेचाळीस वर्षांच्या जवळपास अखंड सत्तेनंतर! अणुऊर्जा हेही कारण होतं, आणि करही. ॲस्ट्रिड लिंडग्रेन या मुलांच्या लाडक्या लेखिकेला हिशोब करताना आढळलं की आपल्या कमाईच्या वरच्या टप्प्यावर १०२ टक्के कर बसतोय. तिने त्यावर वर्तमानपत्रात एक बोचरी परीकथा लिहिली. ती स्वतः त्याच पक्षाची मतदार होती, म्हणून ती जास्त झोंबली.

१९८२ मध्ये पक्ष परत आला, पण योजनेतली हवा गेली होती. ४ ऑक्टोबर १९८३ ला स्टॉकहोममध्ये उद्योजकांचा प्रचंड मोर्चा निघाला. अंदाज ७५ हजार ते १ लाखाचा. सूटबूटवाले घोषणा देत चाललेत, असं दृश्य. डिसेंबरमध्ये संसदेत पातळ केलेला कायदा मंजूर होत असताना अर्थमंत्री शेल-ओलोफ फेल्ट बाकावर बसून कागदावर काहीतरी खरडत होते. गॅलरीतल्या छायाचित्रकाराने तो कागद टिपला. निघाली कविता! भावार्थ: हे निधी म्हणजे साली घाण आहे, पण आता इथवर ढकलत आणलीय खरी. कायदा मांडणाऱ्या सरकारचा अर्थमंत्री हा!

१९९१ मध्ये उजव्या आघाडीचं सरकार आलं आणि निधी गुंडाळले गेले. जमलेल्या पैशातून काही संशोधन प्रतिष्ठानं उभी राहिली.

शेवटचा_बाक
धागा वसूल.

कोरा_कागद
जुनी_वही, हे मला काहीच माहीत नव्हतं. (मी काडी टाकून पळालेली नाही, वाचतेय.) पण मग निष्कर्ष काय धरायचा? लोकांना नको होतं म्हणून झालं नाही, की पैसेवाल्यांनी होऊ दिलं नाही?

पाचवा_माणूस
लोकांना नको होतं. सरळ आहे. सर्वसाधारण माणसाला पगार हवा, सुट्टी हवी, म्हातारपणी हाल नकोत. कंपनीच्या भांडवलात आपला वाटा एका निधीत आहे, तो निधी संघटनेचे पदाधिकारी चालवणार, आणि मला त्यातला एक शेअरही विकता येत नाही, हे ऐकून कुणाला स्फुरण चढेल? ती मालकी कामगाराची नव्हतीच, संघटनेच्या कचेरीची होती.

जुनी_वही
हा टोला बसला. माइडनरच्या योजनेत माणसाला वैयक्तिक वाटा नव्हता हे खरंय, आणि ती तिची दुखरी जागा होती. पण शाळेत असताना मलाही गणवेशाच्या रंगाबद्दल स्फुरण चढत नव्हतं, म्हणून तो कुणी ठरवायचा हा प्रश्न गैरलागू होत नाही.

अर्धविराम
वैयक्तिक वाटा मिळाला की सगळं आलबेल होतं, असं वाटणाऱ्यांसाठी स्वानुभव.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षं होतो. पगारवाढीऐवजी शेअरचे पर्याय, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'आपण सगळे मालक'. आम्हीही मालकासारखे रात्र रात्र बसायचो. कंपनी विकायची ठरली तेव्हा आम्हा मालकांना ते बातम्यांतून कळलं. आमच्या शेअरना मताचा हक्कच नव्हता. करारात होतं म्हणे, पान क्रमांक चाळीस की काय. आधी मोठ्या गुंतवणूकदारांचा हिस्सा, तो वळता झाल्यावर आमच्या वाट्याला जे आलं त्यात निरोपसमारंभाचा फोटो काढून झाला. आणि नोकरी त्याच आठवड्यात गेली. पगार आणि बचत दोन्ही एकाच होडीत.

म्हणजे मत नसलेली मालकी बिनकामाची, आणि एकाच ठिकाणी अडकलेली मालकी धोक्याची.

तळटीप
दुसऱ्या वाक्याला मोंड्रागॉन जोडतो.

स्पेनच्या बास्क प्रदेशात १९५६ मध्ये एका धर्मगुरूच्या प्रेरणेने पाच तरुणांनी स्टोव्ह बनवायला सुरुवात केली. त्यातून मोंड्रागॉन हे कामगारांच्या मालकीच्या सहकारी संस्थांचं जाळं उभं राहिलं, आज सत्तर हजारांच्या आसपास माणसं काम करतात. सभासदाला एक मत, भांडवल कितीही असो. वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतर साधारण सहापटीच्या आत. मुक्त बाजारात स्पर्धा करून, सरकारच्या कडेवर न बसता.

आता दुसरी बाजू. त्यांची सगळ्यात जुनी संस्था, फागोर, फ्रिज-वॉशिंग मशीनवाली. घरबांधणीचा फुगा फुटल्यावर मागणी आटली, त्याआधी फ्रान्सची ब्रांट कंपनी विकत घेण्यासाठी कर्ज झालेलं. बाकीच्या संस्थांनी काही काळ पैसा ओतला आणि मग थांबवला. २०१३ मध्ये फागोर बुडाली. सभासदांचं घातलेलं भांडवल गेलं. पण बऱ्याच सभासदांना इतर संस्थांनी सामावून घेतलं किंवा लवकर निवृत्त केलं. अर्धविराम, तुम्हाला हे मिळालं नसतं.

आणि तिसरी बाजू, जी कुणी सांगत नाही: पोलंड आणि फ्रान्समधल्या फागोरच्या कारखान्यांतले कामगार सभासद नव्हतेच. ते साधे पगारी नोकर. त्यांना कुणी सामावलं नाही. बाजारात टिकायचं म्हणून सहकारी संस्थाही बाहेरच्यांसाठी मालकच झाली.

पाचवा_माणूस
तळटीप, उत्तम प्रतिसाद, आणि माझ्याच बाजूचा. कुणीही असा कारखाना काढायला बाजार अडवत नाही. मोंड्रागॉनला कुणी परवानगी नाकारली? पाच जणांनी स्टोव्ह बनवले, विकले, झालं. तुमच्या समाजवादी व्यवस्थेत मला माझा खाजगी कारखाना काढता येईल का? माझ्या व्यवस्थेत तुमची सोय आहे, तुमच्या व्यवस्थेत माझी नाही.

जुनी_वही
सोय आहे? बँकेत जाऊन सांगा, आम्ही ऐंशी कामगार, तारण काही नाही, कंपनी विकत घ्यायचीय. मोंड्रागॉनने १९५९ मध्ये स्वतःची बँक काढली ती हौस म्हणून नव्हे.

उंबरठा
मला पाचवा_माणूस यांचा एक जुना मुद्दा घासून बघायचाय. हायेकने १९४४ मध्ये बजावलं होतं की नियोजनाची वाट गुलामगिरीकडे जाते. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे ॲटली निवडून आले. कोळसा १९४७ ला, रेल्वे १९४८ ला सरकारी. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू. मग? १९५१ ला हरले आणि गुपचूप घरी गेले. चर्चिल परत आले. वर्तमानपत्रं छापली जात होती, न्यायालयं चालू होती. स्वीडनमध्येही हरले आणि गेले. वाट गुलामगिरीकडे गेली नाही.

पाचवा_माणूस
कारण ते अर्ध्यात थांबले! घसरगुंडीवर मधेच पाय रोवला आणि म्हणताय घसरगुंडी नव्हतीच. व्हेनेझुएला बघा. तिथेही सुरुवात निवडणुकीने झाली. भावनियंत्रण, चलननियंत्रण, कारखाने ताब्यात, तेल कंपनीत विरोधकांच्या जागी आपली माणसं. २०१८ पर्यंत महागाईचे आकडे मोजण्यापलीकडे, आणि निवडणूक नावापुरती.

तळटीप
आणि नॉर्वे? तेही तेलच. कंपन्यांच्या तेलावरच्या नफ्यावर ७८ टक्के कर (खोदाईच्या खर्चाची वजावट उदार आहे, म्हणून कंपन्या तरीही येतात). इक्विनॉर या तेल कंपनीत ६७ टक्के मालकी सरकारची. आलेला पैसा १९९० मध्ये कायदा करून काढलेल्या निधीत, आणि तो निधी आज जगभरच्या शेअर बाजारांत नोंदलेल्या शेअरपैकी सुमारे दीड टक्क्याचा मालक. माइडनरला जे देशात जमलं नाही ते नॉर्वेने जगभर केलं, असं एखादा खवचट म्हणेल.

जुनी_वही
खवचटपणा मान्य, तुलना अमान्य. नॉर्वेच्या नागरिकाच्या नावावर ॲपलचा तुकडा आहे, पण ॲपलच्या कारखान्यात जोडणी करणाऱ्या मुलीला त्याने काय मिळालं? ही मालकी आहे, लोकशाही नाही.

व्हेनेझुएलाबद्दल पाचवा_माणूस यांच्याशी वाद घालणार नाही. आमच्यापैकी कित्येकांनी फार वर्षं तिकडून नजर वळवली. तिथे आधी न्यायालय आणि निवडणूक यंत्रणा खिशात गेली. ॲटलींनी ते केलं नाही. हा फरक मला घसरगुंडीपेक्षा मोठा वाटतो.

शेवटचा_बाक
अवांतर: अमेरिकेत मिल्वॉकी शहराला तीन समाजवादी महापौर मिळाले, पहिला १९१० मध्ये, शेवटचा १९६० पर्यंत. त्यांना त्यांचेच क्रांतिकारी मित्र चिडवायचे 'गटार-समाजवादी', कारण हे सारखे सांडपाण्याच्या नळांबद्दल बोलायचे. त्यांनाही ते नाव आवडायला लागलं म्हणे. मला हे लोक बरे वाटतात. नळ चांगला असला की तो कुठल्या वादाचा आहे हे कुणी विचारत नाही.

पाचवा_माणूस
गटार सरकारने बांधावं याला माझीही ना नाही. ॲडम स्मिथचीही नव्हती. शाळा मात्र बाजारावर सोडून बघा म्हणेन. स्वीडननेच १९९२ पासून ते केलंय.

उंबरठा
आणि २०१३ मध्ये तिथली एक मोठी खाजगी शाळासाखळी दिवाळखोरीत गेली, पोरं नव्या शाळा शोधत होती. चुकीची कंपनी बुडते हे तुमचं तत्त्व तिथे अगदी बिनचूक चाललं. फक्त दहावीतलं वर्ष परत मिळत नाही.

पाचवा_माणूस
हं. इथे माझ्याकडे तयार उत्तर नाही. पंप परत करता येतो.

कोरा_कागद
म्हणजे मला जे कळलं ते असं: ज्या गोष्टी बिघडल्या तर परत करता येतात तिथे पाचवा_माणूस यांचा हात वर, आणि ज्या येत नाहीत तिथे जुनी_वही यांचा. नोकरी कुठे बसते यात?

जुनी_वही
तिथेच तर अडलंय घोडं. ते म्हणणार, पटलं नाही तर सोड. मी म्हणणार, पन्नाशीला, कर्ज डोक्यावर असताना सोडून दाखव.

पाचवा_माणूस
आणि मी म्हणणार, डेन्मार्क बघा. काढणं सोपं, भत्ता घसघशीत, किमान वेतनाचा कायदाच नाही, ते संघटना आणि मालक आपसात ठरवतात. सोडायचा हक्क खरा करा, मग मालकीची झोंबाझोंबी कशाला?

जुनी_वही
डेन्मार्कवर उद्या. त्या भत्त्यामागे किती दशकांचे संप आहेत ते शोधून लिहिते.

अर्धविराम
रिकामी_खुर्ची, त्या लिफ्टचं काय झालं शेवटी?

रिकामी_खुर्ची
पाचवी सभा रविवारी. तळमजलावाले म्हणतात आम्ही वापरत नाही, पैसे देणार नाही. सातव्या मजल्यावरच्या आजी तीन आठवड्यांत खाली उतरलेल्या नाहीत, त्यांचं मत मी घेऊन जाणार आहे.